लक्षण सांगा, निदान नको

माझ्या गाडीला काय झालं आहे हे मला नेहमीच माहीत असतं. आजवर ते एकदाही बरोबर निघालेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या माणसाला कारणांची फार सवय असते. एखादं साम्राज्य बुडालं की त्याची कारणं द्यायची. राजकीय, आर्थिक, सामाजिक, आणि पान भरत नसेल तर शेवटी 'इतर'. हीच सवय मी गाडीलाही लावली. माझी गाडी जुनी आहे, म्हणजे शेजारी तिला 'अजून आहे का?' असं विचारतात इतकी जुनी. तिच्या एसीतून गरम वारा यायला लागला की मी गॅरेजसमोर गाडी नीट उभी करायच्या आधीच काच खाली करून सांगत असे, "गॅस संपलाय." मेकॅनिकला काय, तो गॅस भरून देई. रोग्यानेच रोगाचं नाव सांगितल्यावर नाडी कोण बघत बसेल?

परवा मात्र निराळंच झालं. गाडी घेऊन हडपसरमधल्या एका नव्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकने विचारलं, "काय झालंय सर?" मी म्हणालो, "सकाळी गार वारा येतो. दुपारी तासभर चालवली की गरम होतो. डावीकडच्या जाळीतून उजवीकडच्यापेक्षा कमी येतो. बाकी मला काही माहीत नाही." त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "असं कोणी सांगत नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही याच धंद्यातले का?"

मी त्या धंद्यातला नाही. हे वळण मला मेश्राम मॅडमनी लावलं. मॅडमना जाऊन आता दोन उन्हाळे झाले.

मेश्राम मॅडम आमच्याच सोसायटीत, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. मूळच्या नागपूरच्या. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होत्या, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी पुण्यात फॉल्ट कंट्रोलमध्ये, म्हणजे बंद पडलेल्या लाइनींचा बिघाड शोधणाऱ्या विभागात काढली. यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा आनंद बंगळुरूला नोकरीत. निम्म्याहून जास्त आयुष्य इथे काढूनही त्यांनी नागपुरी बोलणं सोडलं नव्हतं. पुणेकरांकडून त्यांनी एकच गोष्ट घेतली, समोरच्याला एका वाक्यात गप्प बसवणं. नागपूरच्या मोकळ्या आवाजात पुण्याचा तिरकसपणा ऐकायला मिळणं हा एक वेगळाच प्रकार होता, आणि तो बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येई.

दिसायला ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, जाड भिंगांचा चष्मा. सुती साडी, आणि गाडीचं काम असलं की तिच्यावर यजमानांचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पर्समध्ये टेस्टर, टॉर्च, पॉलिश पेपरचा तुकडा आणि चष्म्याच्या डबीत एक छोटा मीटर. चष्मा डोळ्यांवर आणि मीटर डबीत, त्यामुळे चष्मा काढला की तो ठेवायला जागा नसे. मग तो त्या मला धरायला देत. माझ्या गाडीच्या दुरुस्तीत माझा पहिला अधिकृत हुद्दा चष्मा धरणारा असा होता.

ओळख झाली ती पार्किंगमध्ये, भर एप्रिलात. मी बॉनेट उघडून आत बघत उभा होतो. बॉनेट उघडलं की आत बघायचं असतं एवढं मला ठाऊक आहे. काय बघायचं असतं ते ठाऊक नाही.

"काय पाहून राहिले?" मागून आवाज आला.

"कॉम्प्रेसर गेलाय," मी म्हणालो. गॅसचं कारण तोवर दोनदा वापरून झालं होतं.

"तुम्ही पाहिला?"

"म्हणजे... गेलाच असणार."

"बाप्पा! न पाहता सांगता? मग मी फोन खात्यात उगाच गेली, ज्योतिषी व्हायला पाहिजे होते." त्यांनी पर्स बॉनेटच्या कडेला ठेवली. "काय झाले तेवढे सांगा. लक्षण सांगा, निदान नको."

"हवा गार येत नाही."

"कधीच येत नाही?"

"येते कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कधी? शनिवार-रविवारी?"

आता मला आठवावं लागलं. सकाळी सोलापूर रस्त्याला लागलं की हवा छान गार येते. लोणीपर्यंत तर मी एसी कमी करतो. परतताना हडपसरला गाडीतळाच्या सिग्नलला अडकलो की हळूहळू गरम व्हायला लागते.

"म्हणजे पळत्या गाडीत गार, उभ्या गाडीत गरम."

"हो."

"पळत्या गाडीला समोरून वारा लागते. उभ्या गाडीला वारा कोण देते?"

वर्गात मी विचारलेल्या प्रश्नावर मुलं छताकडे का बघतात ते मला त्या क्षणी कळलं. मीही छताकडे बघितलं. मॅडमनीच बोट केलं. पुढच्या जाळीमागे एक पंखा होता. गाडी चालू, एसी चालू, आणि तो पंखा निवांत उभा. दोन उन्हाळे मी त्या जाळीला फडकं मारत होतो, पण त्यामागे पंखा आहे आणि तो फिरायला हवा, हे कधी मनात आलं नव्हतं.

त्यांनी मला गाडी बंद करायला लावली. मग पंख्याची काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते तिथे टॉर्च मारला. बोल्ट काढला. त्याच्याखाली पांढरा रंग होता.

"इथे शेवटचा हात कोणाचा लागला?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा आवडता प्रश्न. बिघाड आपल्या पायांनी चालत येत नाही, कोणीतरी त्याला घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला सांगावंच लागलं. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या फाटकालाच गाडी ठोकली होती. फाटक उघडं होतं. रंगवाल्याने पुढचा भाग नवा केला, बोल्टच्या जागेवरही रंग मारला आणि वायर पुन्हा त्या रंगावर घट्ट बसवून दिली. रंगातून वीज जात नाही. म्हणून पंखा बंद, म्हणून एसी गरम, म्हणून दोन उन्हाळे गॅसवर गॅस.

मॅडमनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, बोल्ट बसवला, मी गाडी चालू केली आणि पंखा भणभणायला लागला. "कारण सापडले," त्या म्हणाल्या. "ते कारण चष्मा धरून उभे आहे."

त्या दिवसापासून आमचा रविवार ठरून गेला. जुन्या गाडीला बिघाडांची कमतरता नसते. मॅडम सकाळी चटई, हत्यारं आणि चहाचा थर्मास घेऊन खाली येत. फॉल्ट सापडेपर्यंत थर्मासचं झाकण उघडायचं नाही हा नियम. एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा हा दुसरा. आणि भाग बदलायच्या आधी त्याचा गुन्हा सिद्ध करायचा हा तिसरा, ज्यावर त्या सर्वांत कडक होत्या. "संशयावरून कोणाला काढायचे नाही," त्या म्हणत. "आपल्याकडे लोक लाइन बंद पडली की आधी फोनचा डबा बदलून मागत. बिचारा डबा काय करते? बिघाड असते खांबावर." मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्या सांगतील ते बटण दाबायचं. चष्मा धरण्यापासून बटण दाबण्यापर्यंत ही माझी बढती होती.

कामात मन रमलं की त्या जुन्या गोष्टी सांगत. कसबा पेठेतल्या बोळांतल्या केबली त्यांना तोंडपाठ होत्या, कुठला जोड कोणत्या वाड्याच्या ओट्याखाली आहे यासकट. आणि कानाची गोष्ट तर मी कितीदा ऐकली असेन. रिसीव्हर कानाला लावला की लाइनीवरच्या नुसत्या खरखरीवरून त्या सांगत, इथे पाणी शिरलंय, इथे तार गंजलीय, इथे नुसता जोड सैल आहे. खात्यातले पुरुष आधी हसत. मग खड्डा खणत. मग हसणं बंद होई. "साहेब लोक मीटर घेऊन यायचे, आणि मी आपला कान," त्या म्हणत आणि उजव्या कानाला दोन बोटं लावत. माणूस आपल्या मुलाबद्दल जसा बोलतो तसा त्यांचा त्या कानाबद्दलचा सूर असे.

पुढे बॅटरीचं प्रकरण उपटलं. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली. मी नवी बॅटरी आणायला निघालो होतो. मॅडमनी मला फाटकातून परत बोलावलं. गुन्हा सिद्ध झाला नव्हता. त्यांनी बॅटरीच्या वायरीत मीटर लावला आणि मला एकेक फ्यूज काढायला लावला. सगळं बंद असतानाही मीटर वीज जाताना दाखवत होता. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि काटा खाली आला. आतले दिवे तर बंद दिसत होते. राहिला एकच, डिकीतला दिवा.

"डिकी बंद केली की तो विझते की नाही ते पाहायचे," मॅडम म्हणाल्या.

"बंद डिकीत कसं बघणार?"

"आत बसून."

मला वाटलं गंमत करताहेत. मॅडम कामाच्या वेळी गंमत करत नसत. पाच मिनिटांनी मी, इतिहासाचा सहयोगी प्राध्यापक, गुडघे हनुवटीला लावून, स्टेपनीवर आडवा पडलेलो होतो आणि वरून डिकीचं झाकण बंद झालं. दिवा माझ्या नाकाजवळ लख्ख पेटलेला होता. "चालू आहे!" मी ओरडलो. काही झालं नाही. "मॅडम, दिवा चालू आहे, उघडा!" बाहेर मॅडम कोणाला तरी फ्यूज म्हणजे काय हे समजावून सांगत होत्या, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी पत्र्यावर बुक्क्या मारायला लागलो. शेवटी आमच्या वॉचमनचा, बबनरावांचा आवाज आला, "अवो मॅडम, सर आतनं वरडत्यात की."

झाकण उघडलं. "जोरात ओरडायचे ना," मॅडम म्हणाल्या.

मी एक पाय बाहेर काढून दुसरा शोधत असताना माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर पार्किंगमधून चालली होती. ती थबकली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." बबनरावांनी सगळं नीट बघून घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले, "मोबाईलवर व्हिडिओ लावून आत ठिवला असता, तरी दिसलं असतं." "खरे आहे," मॅडम म्हणाल्या, "पण ते माझ्या ध्यानात येईपर्यंत सर आत बसून गेले होते." डिकीच्या दिव्याचं बटण वाकलेलं निघालं. मॅडमनी ते सरळ केलं आणि आम्ही चहा प्यायलो. सोमवारी वर्गात मी येताच फळ्यावर एका डिकीचं चित्र होतं. चित्र चांगलं होतं, म्हणून मी तास संपेपर्यंत पुसलं नाही.

त्यांची चूक झालेली मी एकदाच पाहिली. एसी अजिबातच लागेना. बॉनेटखालच्या डबीत रिले असतात. रिले म्हणजे आपण आत बटण दाबलं की 'टक' असा आवाज करून तिकडे वीज सोडणारी छोटी पेटी. मॅडमनी डबीला कान लावला, मला बटण दाबायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "रिले वाजत नाही. गेला." मी सीटवर बसलेलो, काच उघडी. मला 'टक' ऐकू आलं होतं, अगदी स्वच्छ. पण तोपर्यंत मॅडमनी माझा माझ्यावरचा विश्वास इतका पद्धतशीर उडवला होता, की माझ्या कानापेक्षा त्यांचा कान मला जास्त खरा वाटला. नवा रिले बसवला. एसी तसाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरा फॉल्ट शोधला, कॉम्प्रेसरकडे जाणारी एक वायर सैल झाली होती. पण त्या दिवशी थर्मास न उघडताच परत गेला. लिफ्ट उभी असताना त्या जिन्याने वर चढल्या.

त्यानंतर मात्र त्यांनी रिलेला कान लावणं सोडलं. त्याऐवजी त्या पेटीवर दोन बोटं टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "दाबा." बोटांना पेटीचा ठोका लागे. मला ही विद्येची वरची पायरी वाटली. स्टाफरूममध्ये मी ती रंगवून सांगितली. वरच्या मजल्यावरचा टीव्ही दिवसेंदिवस मोठा होत चालला होता, संध्याकाळच्या बातम्या मला घरबसल्या ऐकू येत, आणि मी बायकोला म्हणत असे की मॅडमना राजकारणाचा नाद लागलाय. दारावरची बेल दोन-दोनदा वाजवावी लागे. मी म्हणत असे, झोपल्या असतील. कारणांना मला काय तोटा?

मग एका मे महिन्यात आनंद आला. चांगला मुलगा, पस्तिशीचा, आईसारखाच गोल चेहरा. पण आला तो डोक्यात काहीतरी पक्कं करूनच. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, चहाला नको म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"काका, आईचं काय चाललंय ते तुम्ही बघताच. मागच्या महिन्यात कुकर पूर्ण जळला. किचन काळं झालं. ती हॉलमध्येच बसली होती. मी फोनवर विचारतो जेवलीस का, ती म्हणते परवा. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते. काल मी बेल वाजवत दहा मिनिटं दारात उभा होतो." त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "विसरायला लागलीये ती. मी वाचलंय याबद्दल. अशा माणसांना एकटं ठेवत नाहीत. पुढच्या महिन्यात तिला बंगळुरूला नेतोय. फ्लॅट विकायला काढलाय, रविवारी लोक बघायला येतील. रात्री तिने फोन उचलला नाही ना काका, की मला झोप लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार? माझ्याकडे कारण तयारच होतं. "वय झालं की असं होतंच," मी म्हणालो. प्राध्यापकाने दुजोरा दिल्यावर त्याला जरा हलकं वाटलं असावं. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या दारात उभ्या होत्या. अंगात तो शर्ट होता, पण हातात ना चटई होती ना थर्मास.

"आनंद मला घेऊन चालला," त्या म्हणाल्या. "घर विकतो म्हणतो. या घरातली एकेक वायर मी उभी राहून टाकून घेतली. तिकडे माझे काय? त्याच्या घरी मी सोफ्यावर बसलेली पाहुणी." त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "मला जायचे नाही आहे. गाडीची किल्ली द्या. आणि त्याला खाली बोलवा."

आम्ही तिघं पार्किंगमध्ये जमलो. आनंद घड्याळ बघत होता. मॅडमनी बॉनेट उघडलं आणि त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"मागच्या काचेच्या हीटरचे बटण दिसते?"

दिसत होतं. थंड देशात काचेवरचं दव घालवायला ते लागतं म्हणे. पुण्यात त्याला कोणी बोट लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मॅडमनी ते मुद्दाम निवडलं होतं, कारण ते दाबलं की ना पंखा फिरतो ना कुठे दिवा दिसतो. बॉनेटखाली रिले वाजतो, तेवढंच.

"चावी फिरव, गाडी चालू नको करू. आता ते बटण दाब. तुला वाटेल तेव्हा दाब, वाटेल तेव्हा बंद कर. मला सांगू नको."

त्यांनी पेटीवर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. उघड्या बॉनेटमुळे त्यांना आनंद दिसत नव्हता, आनंदला त्या दिसत नव्हत्या. 'टक'. "लावले," मॅडम म्हणाल्या. 'टक'. "बंद केले." आनंदने मध्ये बराच वेळ घालवला, लागोपाठ दाबलं, फसवायचा प्रयत्नही केला. त्या एकदाही चुकल्या नाहीत. दाबलं किती वेळा आणि शेवटी बटण चालू आहे की बंद, तेही त्यांनी सांगितलं.

"विसरली का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, पण..."

"थांब. आता पुन्हा."

त्यांनी बोटं उचलली. दोन्ही हात मागे बांधले, वाकल्या आणि उजवा कान पेटीच्या अगदी जवळ नेला. 'टक', मला ऐकू आलं. पुन्हा 'टक'. पुन्हा. बबनराव फाटकापाशी खुर्चीत होते, त्यांनीही मान वर केली. मॅडम तशाच वाकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, सगळं लक्ष त्या कानात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आनंद दाबतच होता.

"दाबून राहिला का रे?" शेवटी त्यांनी विचारलं.

आनंद गाडीतून उतरला. पुढे आला. आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कुकर, फोन, बेल, एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात आपापल्या जागी बसताना मला दिसत होती.

"आई, तुला ऐकू येत नाहीये?"

हे त्यांनी त्याच्या ओठांवरून वाचलं. "येते थोडे. फोनवर तर अंदाजानेच हो म्हणते मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? ज्या कानाचा पगार घेतला तोच कान गेला म्हणून सांगू? खात्यातले अजून भेटतात मला. अजून म्हणतात, मॅडम, तुमचा कान..." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी बॉनेटच्या कडेला हात टेकवला. मग सावरून, कपाळावर बोट ठेवून, ऑफिसात लाइनमनला सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "नीट ऐक. एक्स्चेंज ठीक आहे. फॉल्ट लाइनीत आहे. लाइनीच्या फॉल्टसाठी कोणी एक्स्चेंज उचलून नेते का?"

आनंदने आईला जवळ घेतलं, त्यांचा तेलकट शर्ट त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला लागला. मी हातात चष्मा नसताना कुठे बघावं ते न कळून मागच्या टायरची हवा बघायला गेलो.

फ्लॅट बघायला येणाऱ्यांना आनंदने फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात तो आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. यंत्र बनून यायला थोडे दिवस लागले. आलं तेव्हा पहिले काही दिवस मॅडम त्याला शिव्या देत होत्या, कुणी डोक्यात भांडी आपटतंय असं वाटतं म्हणून. पण लावत राहिल्या. टीव्ही खाली आला आणि मला बातम्यांसाठी पुन्हा वर्तमानपत्र सुरू करावं लागलं. त्या त्याच घरात राहिल्या, आणि गेल्या त्याही तिथूनच, सकाळी, स्वतःच्या पलंगावर.

पण मला त्या दिसतात त्या आनंद परत निघाला त्या दिवशीच्या. यंत्र अजून यायचं होतं. टॅक्सी फाटकात उभी, मॅडम दाराशी, मी बॅग डिकीत ठेवून बाजूला उभा. आनंदने काचेतून डोकं बाहेर काढलं आणि आईला काहीतरी म्हणाला. मागे रिक्षावाला हॉर्न देत होता. मॅडमनी हसून मान हलवली, "हो, हो." टॅक्सी निघाली, कोपऱ्यावर वळली.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाला तो?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणालाही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"दिवाळीला येतो म्हणाला."

"मोठ्याने सांगा."

"दिवाळीला येतो म्हणाला! इथेच!" मी इतका ओरडलो की बबनराव खुर्चीतून उठले.

"कुठे?"

"इथे! तुमच्या घरी!"

मॅडमनी रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघितलं, पदर खांद्यावर नीट घेतला आणि माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा सांगितलं.